घटाखालचा पासपोर्ट

दिवसातून दोन-तीन माणसं जिना चढून माझ्याकडे येतात आणि चिक्की मागतात. चूक त्यांची नाही. लोणावळ्याच्या बाजारात माझं ऑफिस चिक्कीच्या दुकानाच्या माडीवर आहे आणि खालच्या पाटीवरचा बाण, कुणी काढला देव जाणे, सरळ जिन्याकडे वळलेला आहे. मी त्यांना परत खाली पाठवते. उरलेले जे येतात त्यांना परदेशी जायचं असतं.

माझं काम म्हणजे दुसऱ्यांचे अर्ज भरणं. आधी एका प्रवासी कंपनीत वर्षानुवर्षं हेच केलं. ती बंद पडल्यावर तिथलंच टेबल उचलून आणलं आणि इथं बसले. तेव्हा व्हिसा म्हणजे मुंबईच्या खेपा असत. रांगा, काचेपलीकडचा साहेब, आणि पासपोर्टावर चिकटवलेला तो देखणा कागद. आता बऱ्याच देशांनी छोट्या प्रवासापुरतं ते सगळं मोडीत काढून ई-परवाना आणला आहे. घरबसल्या अर्ज करायचा. पासपोर्टाच्या पहिल्या पानाचा फोटो जोडायचा, आपल्या चेहऱ्याचा फोटो जोडायचा, कुठे उतरणार, कशासाठी येणार, कधी परतणार ते लिहायचं. तीन-चार दिवसांनी ईमेलवर एक कागद येतो. तो छापला की झालं. शिक्का नाही, साहेब नाही, काच नाही.

यात काय अवघड आहे, असं तुम्हाला वाटेल. मलाही पहिले आठ दिवस तसंच वाटलं होतं.

अवघड असतो तो माणूस. सोमाटण्याचे एक आबा नातवाबरोबर सहलीला निघाले होते. फोटो काढायला उभे केले आणि म्हटलं, "आबा, टोपी काढा." आबांचा चेहरा उतरला. म्हणाले, "कोन गेलं?" त्यांच्या हिशेबी भलाचांगला माणूस चारचौघांत टोपी काढतो तो फक्त मयताला. मी म्हटलं, कुणी गेलं नाही, तुम्हीच चाललाय, तर ते आणखी दचकले. शेवटी मी दार लावलं, नातवाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, तेव्हा कुठे आबांनी टोपी उचलली. एक, दोन, तीन म्हणायच्या आत परत डोक्यावर. फोटोत हात खाली येतानाचा धुरकट पट्टा आला, म्हणून तो फोटो तीनदा काढावा लागला.

दुसरे घोरावाडीचे एक गृहस्थ. या अर्जांत एक प्रश्न हमखास असतो: तुमच्यावर कधी गुन्हा सिद्ध झाला आहे का? लोक मुंडी हलवतात, मी 'नाही'वर टिचकी मारते, पुढे जाते. हे गृहस्थ म्हणाले, "थांबा. चॅप्टर केस झालती." चुलतभावाशी बांधावरून जुंपली होती आणि तहसीलदारांनी दोघांकडून नीट वागण्याचा बाँड लिहून घेतला होता. मी समजावलं की याला गुन्हा सिद्ध होणं म्हणत नाहीत. पटेना. "न्हाई, खरं त्ये लिवा. आन बांध त्यानं सरकावला, आमी न्हाई, ह्ये बी लिवा." त्या परक्या सरकारला मावळातला बांध कुणी सरकावला याच्याशी काय देणंघेणं? पण गृहस्थ ऐकेनात. मी त्यांना बाजारातल्या एका वकिलांकडे पाठवलं. वकिलांनी तेच सांगितलं तेव्हा पटलं. माझ्या शब्दाला किंमत नाही, याचा मला तेव्हा राग आला होता आणि खरं सांगायचं तर अजूनही आहे.

राग मला लवकर येतो. ते या धंद्यात बरं नाही. पुढची हकीकत त्या रागापासूनच सुरू होते.

नवरात्रातली पाचवी माळ होती. औंढ्याची सिंधू जिना चढून वर आली. ही सिंधू म्हणजे तिशीतली, एकटी, आईजवळ राहणारी. गुलाबांच्या पॉलिहाऊसमध्ये कामाला जाते. फुलं दांड्यांच्या लांबीप्रमाणे निवडायची, वीस-वीसचे गठ्ठे बांधायचे. तिचा धाकटा भाऊ मंगेश त्याच पॉलिहाऊसमध्ये पाण्याच्या नळ्या जोडायला लागला, शिकत शिकत सुपरवायझर झाला आणि सहा वर्षांपूर्वी केनियाला गुलाबांच्या एका मोठ्या मळ्यावर गेला. मावळातली अशी बरीच पोरं तिकडं आहेत. त्याचे तेव्हाचे कागद मीच केले होते.

मंगेशला मुलगी झाली होती. बारसं बाराव्या दिवशी करायचं सोडून त्यांनी लांबवलं, कारण बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं, आणि आत्या औंढ्यात. मंगेशनं बहिणीला दहा दिवसांसाठी बोलावलं. तिकीट काढून पाठवलं. विमान दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. पुण्याला जाऊन पिवळ्या तापाची लसही टोचून झाली होती. राहिला होता तो फक्त ई-परवाना.

"पासपोर्ट दे," मी म्हटलं.

"न्हाई आनला."

"मग फॉर्म काय तुझ्या तोंडाकडे बघून भरू?"

"मॅडम, त्यो घटाखाली हाय."

मला कळेना. मग तिनं सांगितलं. लस टोचून ती घरी आली, पासपोर्ट आईजवळ दिला, दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती. आईनं पासपोर्ट पाटाखाली ठेवला आणि वर घट मांडला. आता दसऱ्यापर्यंत काही हलवायचं नाही. पत्रावळीवर माती, मातीत पेरलेलं धान्य, मधे घट, वर रोज एक माळ. बसलेला देव मधेच उठवत नाहीत, हे मावळातल्या कुठल्याही घरात कुणाला सांगावं लागत नाही.

"तिकिटासाठी भावाला फोटो पाठवला असशील ना पासपोर्टाचा?"

पाठवला होता. तिनं दाखवला. पानाच्या खालच्या दोन ओळी, ज्या यंत्राला वाचायच्या असतात, त्यांच्यावर सिंधूचा अंगठा होता आणि वरचा कोपरा कापलेला. तिकिटाला चालला, अर्जाला चालणार नव्हता. आणि दसऱ्याला पासपोर्ट हातात मिळून उपयोग नव्हता. कागद यायला तीन दिवस तरी लागतात.

"तुझ्या आईला सांगितलंस हे?"

"सांगितलं. देवीचं हाय म्हनती."

मी भडकले. देवीला काय पासपोर्ट लागतो का, वगैरे बरंच बोलले. ऑफिसला कुलूप लावलं, सिंधूला स्कूटरवर मागे बसवलं आणि औंढ्याला निघाले. वाटेत डोक्यात युक्ती तयार केली होती. घट हलवायचाच नाही. पाट एका बाजूनं बोटभर उचलायचा, पासपोर्ट काढायचा, तिथंच फोटो घ्यायचा आणि परत सारायचा. देवीचा मान राहील, केनियाचाही.

अंजनाबाई, म्हणजे सिंधूची आई, ओसरीवर बसून शेंगा फोडत होत्या. सत्तरीच्या असतील. मला बघून उठल्या नाहीत.

"अंगूळ केलीस?" पहिला प्रश्न.

"केली मावशी."

"मंग बघ. पर हात लावायचा न्हाई."

मी आत गेले. देवघर म्हणजे घराच्या कोपऱ्यातला कोनाडा आणि त्याखाली सारवलेली जागा. धान्य चांगलं बोटभर वर आलं होतं. नंदादीप जळत होता. पाच माळा. मी गुडघ्यावर बसून पाटाखाली वाकून बघितलं. पासपोर्ट दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून वर सुतळीनं आवळून बांधला होता.

आणि तिथं माझा राग अडखळला. आमच्याकडे नवी वस्तू देवापुढे ठेवली की तिला हळदकुंकू लागतंच. नवी सायकल असो, नवं पातेलं असो, माझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरलासुद्धा दर दसऱ्याला मीच बोट टेकवते. या पुडक्यावर हळदीचा कण नव्हता. कुंकू नव्हतं, अक्षता नव्हती. आशीर्वादासाठी ठेवलेली वस्तू अशी नसते. ही लपवलेली वस्तू होती. आणि लपवायला घरात याच्याहून पक्की जागा नव्हती.

मी सिंधूला म्हटलं, "चहा टाक गं." ती मागे स्वयंपाकघरात गेली. मी ओसरीवर येऊन मावशींजवळ बसले, चार शेंगा हातात घेतल्या.

"मावशी, देवीला न्हाई ठेवला तुम्ही तो."

त्यांनी आणखी दोन शेंगा फोडल्या. मग म्हणाल्या, "मंगेश गेलता तवा दोन वरसं म्हनला व्हता. सा झाली. लगीन करायला आला, आठ दिस ऱ्हायला, बायकूला घिऊन गेला. आता ही बी चालली."

"ही दहा दिवसांसाठी चाललीय."

"त्यो दोन वरसांसाठीच गेलता." शेंग कडकन फुटली. "तितं बी गुलाबच हाय. हितं निवडती, तितं निवडंल. भाऊ म्हनंल ऱ्हा. भावजय बाळातीन, पोर ल्हान. माया लागंल. मंग म्या कुनाच्या तोंडाकडं बघू?"

मग मला जे येतं तेच मी केलं. मोबाईलवर अर्ज उघडला आणि त्यांना दाखवला.

"ही ओळ बघा. कुठल्या तारखेला येणार. आणि ही तिच्याखालची. कुठल्या तारखेला परत जाणार, कुठल्या विमानानं. ही भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकतच नाही. आणि या कागदावर तिथं कामाला लागता येत नाही."

"आन ऱ्हायली तर?"

"तर बेकायदा. दंड होतो, परत पाठवतात."

मावशी त्या ओळीकडे बघत राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "मंगेशचा फारम तूच भरलतास न्हवं?"

"हो."

"त्यात ही वळ न्हवती?"

"तो नोकरीचा होता, मावशी. त्यात ही ओळ नसते."

"का नसती?"

इतकी वर्षं या धंद्यात राहूनही याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं. म्हणजे कायद्याचं ठाऊक होतं. त्यांच्या प्रश्नाचं नव्हतं. मंगेशचे कागद मंजूर झाले तेव्हा त्यानं पेढे आणले होते, मी दोन खाल्ले होते, आणि त्या दिवशी औंढ्यात एक बाई काय करत असेल हा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. आजवर किती पोरांचे असे कागद मी हसत हसत केले. मला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे. पण त्या ओसरीवर मला स्वतःची लाज वाटली.

शिवाय मी मावशींना अर्धंच खरं सांगत होते. कागदावर तारीख लिहिली म्हणून माणूस परत येत नाही. ते मला ठाऊक होतं आणि मला वाटतं, मावशींनाही.

"तुम्ही सिंधूला विचारलंत का, परत येणार का म्हणून?"

"न्हाई."

"का?"

"इचारलं आन ती न्हाई म्हनली तर?"

मागून कपबशांचा आवाज आला. सिंधू दारात उभी होती. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे, पण चहा हिंदकळून बशीत सांडला होता. तिनं ट्रे खाली ठेवला आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "आये, गेल्या साली मंगेशनं मला नोकरी बघितलती तितं. चांगली. म्या नको म्हनले."

मावशींचा हात थांबला.

"मला न्हाई सांगितलंस."

"काय सांगायचं त्यात? जायाचं न्हवतं, न्हाई गेले. आता भाचीचं नाव ठिवायचंय, ठिवून येती. हितं माजं घर हाय."

दोघींपैकी कुणी रडलं नाही. रडायची तयारी मी करून बसले होते, पण मावळातल्या बायका पाहुण्यांसमोर तसल्या भानगडीत पडत नाहीत. मावशींनी मांडीवरची टरफलं झटकली, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आत गेल्या. आम्ही मागोमाग. माझी पाट उचलायची युक्ती मी आता सांगणार होते. मावशींनी पाटाच्या कडेची झेंडूची दोन फुलं बाजूला केली. खाली सुतळीचं टोक होतं. त्यांनी ते धरून हळूच ओढलं आणि पुडकं सरकत बाहेर आलं. घट तसूभर हलला नाही. धान्याचं पातंसुद्धा नाही.

पहिल्याच दिवशी ते टोक त्यांनी बाहेर काढून ठेवलं होतं. लपवताना सुद्धा.

"पाच दिस झालं, ह्या सुतळीकडं बघतीया," त्या म्हणाल्या आणि पुडकं सिंधूच्या हातात न देता माझ्या हातात दिलं. "कर तुजं काय त्ये."

मी अंगणात उन्हात बसून पासपोर्टाचा फोटो घेतला. पिशव्यांमुळे पान कोरडं ठणठणीत होतं. सिंधूच्या फोटोसाठी पांढरी भिंत नव्हती, म्हणून मावशींनी ठेवणीतलं धोतर दोरीवर टाकलं आणि तिला त्यापुढे उभी केली. "जरा हास की," असं त्यांनी तीनदा बजावलं. सरकारी फोटोत हसत नाहीत हे मी सांगितलं तर म्हणाल्या, "मंग तिकडं वळकायची कशी तिला? ती तर हासतीच आसती." तिचा हसतानाचा एक फोटो मी वेगळा काढून ठेवलाय. अर्जाला मात्र गंभीरच जोडला. 'येण्याचं कारण' या रकान्यात 'नातेवाइकांना भेटणे' असं निवडावं लागलं. आत्यापणाचा रकाना कुठल्याच देशानं ठेवलेला नाही. अर्ज तिथंच, ओसरीवर, पाठवला.

त्यानंतर माझे तीन दिवस वाईट गेले. सहाव्या माळेला काही नाही. सातव्या माळेला 'विचाराधीन'. आणि फोन. आदल्या दिवसापर्यंत पासपोर्ट दाबून बसलेली ही बाई आता शेजारणीच्या मोबाईलवरून सकाळ-संध्याकाळ मला फोन करायला लागली. "आला का कागुद? आगं, त्यास्नी सांग की, बारसं हाय म्हनून. पोर बिननावाची ऱ्हायली." मी म्हटलं, मावशी, तिथं माणूस नाही, यंत्र आहे. "मंग यंत्राला सांग." माझा राग परत जागेवर आला, त्यामुळे मला जरा बरं वाटलं.

आठव्या माळेला दुपारी कागद आला. मंजूर. मी तो दोन प्रतींत छापला, एक सिंधूसाठी आणि एक औंढ्याच्या घरासाठी. घरच्या प्रतीवर परतीच्या तारखेखाली लाल पेनानं रेघ मारली. दसऱ्याला सोनं द्यायला गेले तेव्हा बघितलं, तो कागद देवघराच्या भिंतीला भाताच्या शितानं चिकटवला होता. या खेपेला त्याला हळदकुंकू होतं.

सिंधू ठरल्या दिवशी परत आली, हे आधीच सांगून टाकते, उगाच कुणाच्या जिवाला घोर नको. पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीच्या रविवारचं.

त्या दिवशी केनियात बारसं होतं आणि औंढ्यात अंजनाबाईंच्या ओसरीवर वाडीतल्या बाया जमल्या होत्या. मोबाईलवर चित्र दिसायला हवं म्हणून मला बोलावलं होतं. मी माझा मोबाईल तांब्याला टेकवून पाटावर उभा केला. पलीकडे पाळणा दिसला, फुगे दिसले, आणि गुलाब. इतके गुलाब की मावशी म्हणाल्या, "ही काय, फुलं निवडायला बसलीया का काय?" मळ्यावर काम करणाऱ्या तिथल्या चार-पाच बायकाही कौतुकानं आल्या होत्या.

बारशाची आमची रीत अशी की आत्यानं वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र करायचं, नाव सांगायचं, आणि त्याच वेळी बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घालायचे. सिंधू वाकली. "कुर्रर्र" ऐकू आलं, आणि मग "रेवा". तिथल्या बायकांना भावजयीनं धपाट्यांचं सांगून ठेवलेलं असावं, पण त्या पाहुणीला मारायला लाजल्या. झोपलेल्या मुलाला थोपटावं तसं थोपटलं.

मावशी मोबाईलवर ओरडल्या, "आगं हाना की जोरात! तिची पाठ काय लोन्याची हाय व्हय?"

ओसरी हसून हसून लोळली. पलीकडे सिंधूही हसत होती, मंगेश हसत होता, बाळ दचकून रडायला लागलं. मग चित्र थिजलं आणि फोन बंद पडला. मी तो परत लावायला वाकले. तेवढ्यात माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा बसला. वळून बघते तर अंजनाबाई.

"मावशी, मला का?"

"ती हाताला लागत न्हाई. तूच धाडलीस तिला, तूच खा."

बाया पुन्हा हसल्या, मीही हसले. मी परत वाकले तशी मावशींनी माझ्या पाठीत दुसरा घातला.

"आन ह्यो मंगेशचा," त्या म्हणाल्या.

या वेळी त्या हसत नव्हत्या. त्यांचा हात थोडा वेळ माझ्या पाठीवर तसाच राहिला. फोन लागेपर्यंत मी वाकूनच राहिले.